स्वेटशॉपविरोधी स्थानिक मोहीम: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

स्वेटशॉपविरुद्ध, म्हणजे कामगारांना पिळून माल बनवून घेणाऱ्या कारखान्यांविरुद्ध, काहीतरी करायचं म्हणून चार माणसं जमली की पहिला प्रश्न हमखास निघतो: बहिष्कार कुणावर घालायचा? हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. एखाद्या ग्राहकाने एका दुकानाऐवजी दुसऱ्या दुकानातून शर्ट घेतला, तर शिलाईच्या लाइनवर बसलेल्या बाईपर्यंत त्यातलं काहीही पोचत नाही. त्यापेक्षा हे शोधा: आपल्या भागात कपडे ठोक भावात कोण घेतं? शाळा गणवेश घेते. कॉलेज, क्रीडा संघ, मॅरेथॉनचे आयोजक टी-शर्ट छापून घेतात. रुग्णालयाला चादरी आणि कर्मचाऱ्यांचे कपडे लागतात, महापालिकेला सफाई कामगारांचे आणि अग्निशमन दलाचे गणवेश लागतात. या संस्था एका वेळी शेकडो, हजारो नगांची ऑर्डर देतात, लेखी करार करतात, आणि मुख्य म्हणजे त्यांची माणसं तुमच्या हाताशी असतात. त्यांच्यासमोर बसून तुम्ही उत्तर मागू शकता. स्थानिक मोहिमेचं बळ इथे आहे.

आधी स्वेटशॉप कशाला म्हणायचं, याबद्दल तुमच्या गटात एकमत करून घ्या. कोंदट खोली आणि जुनी यंत्रं एवढ्यावरून ते ठरत नाही. चकचकीत, वातानुकूलित इमारतीतही शोषण चालतं. खुणा या असतात: पूर्ण आठवडा राबूनही घर चालणार नाही इतकी मजुरी, नाकारता न येणारा ओव्हरटाइम, कापलेला किंवा थकवलेला पगार, शिवीगाळ आणि लैंगिक छळ, बंद ठेवलेली दारं, बालमजुरी, आणि संघटना करू पाहणाऱ्याला कामावरून काढणं. शेवटची खूण मी सगळ्यांत गंभीर मानतो, कारण संघटना असेल तर बाकीच्या गोष्टींवर कामगार स्वतः बोलू शकतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने (आयएलओ, ही आज संयुक्त राष्ट्रांची संस्था आहे) संघटना स्वातंत्र्याचा करार १९४८ साली आणि सामूहिक वाटाघाटीच्या हक्काचा करार १९४९ साली मंजूर केला. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा तर १९१९ च्या पहिल्याच करारात होती. म्हणजे तुम्ही नवं काही मागत नाही आहात, हे पहिल्या बैठकीतच सगळ्यांना सांगा. त्याने नव्या माणसाची भीड चेपते.

कामगारांचं म्हणणं सगळ्यांच्या आधी

ही पायरी लोक घाईत ओलांडतात आणि मग मोहीम भलतीकडे जाते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन संसदेत सिनेटर टॉम हार्किन यांनी बालमजुरीने बनलेल्या मालाची आयात रोखणारं विधेयक मांडलं. हेतू चांगला होता. पण विधेयकाच्या नुसत्या धास्तीने बांगलादेशातल्या कापड कारखान्यांनी हजारो मुलांना एका फटक्यात काढून टाकलं. शाळेची सोय नाही, घरात दुसरी मिळकत नाही. त्यातली बरीच मुलं दगड फोडण्यासारख्या अधिक धोक्याच्या कामांकडे आणि देहविक्रीकडे ढकलली गेली, हे युनिसेफने नंतर नोंदवलं. १९९५ मध्ये कारखानदारांची संघटना, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्यात करार झाला, तेव्हा कुठे मुलांना शाळा आणि विद्यावेतन, आणि त्यांच्या जागी घरातल्या मोठ्या माणसाला काम, अशी वाट निघाली. हे सगळं आधी ठरलं असतं तर मधली दोन-तीन वर्षं त्या मुलांच्या वाट्याला आली नसती.

म्हणून मागणी ठरवण्याआधी कामगारांच्या संघटनेशी किंवा त्यांच्यासोबत काम करणाऱ्या गटाशी संपर्क साधा. माल कुठल्या देशातून येतो हे कळलं की तिथल्या वस्त्रोद्योग कामगार संघटना शोधता येतात. १९८९ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झालेली क्लीन क्लोद्ज कॅम्पेन ही चळवळ आता अनेक देशांतल्या संघटनांना जोडते. तिच्यासारख्या जाळ्यातून हा संपर्क लवकर होतो. त्यांना तीन प्रश्न विचारा: तुम्हाला काय हवं आहे? आम्ही इथे आवाज उठवला तर तुम्हाला फायदा होईल की त्रास? आणि ऑर्डर थांबवावी असं तुम्हाला वाटतं का? बहुतेक वेळा तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठाम 'नाही' असतं. काम राहिलं पाहिजे, पण माणसासारखं, असं ते सांगतात.

कुणी आपबीती सांगितली तर नाव, फोटो, आवाज, लाइनचा क्रमांक यातलं काहीही त्या व्यक्तीच्या स्पष्ट परवानगीशिवाय बाहेर जाता कामा नये. 'चौथ्या मजल्यावर कॉलर जोडणारी, दोन मुलांची आई' एवढ्या वर्णनावरूनही सुपरवायझर माणूस ओळखतो. तुमचं पत्रक इकडे चार लोक वाचतील आणि तिकडे तिची नोकरी जाईल, असं होऊ देऊ नका.

माणसं

सुरुवातीला पाच-सहा जण पुरेत, पण ते टिकणारे हवेत. एकाने कागदपत्रं आणि नोंदी सांभाळायच्या, एकाने संस्थेशी बोलायचं, एकाने कामगार संघटनेशी संपर्क ठेवायचा. ज्या संस्थेकडे मागणी न्यायची आहे तिच्या आतला कुणीतरी सोबत हवाच. पालक, विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी संघटनेचा प्रतिनिधी, नगरसेवक, कुणीही चालेल. बाहेरच्या दहा माणसांच्या निवेदनापेक्षा आतल्या एकाच्या प्रश्नाची दखल लवकर घेतली जाते.

माल कुठून येतो ते शोधा

कपड्याच्या लेबलवर देशाचं नाव असतं, कारखान्याचं नसतं. कधीकधी एक क्रमांक दिसतो, तो बहुधा विकणाऱ्या कंपनीच्या नोंदणीचा असतो. त्यामुळे लेबल ही फक्त सुरुवात. ते जपून मात्र ठेवा. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि किमान १,१३४ माणसं गेली, तेव्हा तिथे माल बनवून घेणाऱ्या कंपन्यांची नावं ढिगाऱ्यात सापडलेली लेबलं आणि ऑर्डरचे कागद यांवरून गोळा करावी लागली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले होते. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली. शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं गेलं. त्या माणसांना 'आम्ही आत जाणार नाही' म्हणायला पाठीशी संघटना नव्हती.

संस्थेच्या खरेदी विभागाकडून आधी करार, निविदा आणि पुरवठादाराचं नाव मिळवा. सरकारी संस्था असेल आणि तिथे माहितीच्या अधिकाराचा कायदा असेल, तर रीतसर अर्ज करा. मग पुरवठादाराला विचारा की माल कुठे कापला, शिवला, छापला आणि धुतला जातो. ब्रँडचा माल असेल तर त्याच्या संकेतस्थळावर कारखान्यांची यादी आहे का पाहा. नायकेने आपली यादी २००५ मध्ये प्रसिद्ध केली, तीही विद्यार्थी आणि कामगार गटांच्या बऱ्याच वर्षांच्या रेट्यानंतर. त्याआधी सगळेच 'हे व्यापारी गुपित आहे' म्हणायचे. ओपन सप्लाय हब नावाचा मोफत नकाशा आहे. त्यात कारखान्याचं नाव किंवा पत्ता टाकला की तिथून कोणकोणत्या कंपन्या माल घेतात हे बऱ्याचदा कळतं. त्याच कारखान्यातून घेणारी आणखी एखादी संस्था सापडली तर तिथल्या लोकांनाही सोबत घ्या.

साखळी साधारण अशी असते: ब्रँड, त्याचा एजंट, मुख्य कारखाना, मग जॉबवर्क करणारे छोटे कारखाने, आणि शेवटी घरी बसून बटणं आणि मणी लावणाऱ्या बायका. घरी काम करणाऱ्यांना नगावर पैसे मिळतात आणि त्यांचं नाव कुठल्याच रजिस्टरवर नसतं. प्रत्येक पायरीला भाव पाडला जातो आणि मुदत आवळली जाते. लाइनवर ते असं दिसतं: कुणी दिवसभर फक्त बाही जोडते, कुणी फक्त खिसा. तासाचं टार्गेट फळ्यावर खडूने लिहिलेलं, आणि ते गाठलं नाही तर सुटीची वेळ होऊनही उठायचं नाही. मध्ये पाणी प्यायलं तर शौचालयाला जावं लागेल आणि नग कमी पडतील, म्हणून कितीतरी जणी तहान मारतात. हे टार्गेट सुपरवायझरच्या स्वभावातून येत नाही, वरून आलेल्या भावातून आणि तारखेतून येतं. म्हणूनच आपली मागणी विकत घेणाऱ्याकडे न्यायची.

मागणी लिहून काढा

'शोषण थांबवा' ही घोषणा झाली. मागणी अशी हवी की समोरच्याला 'हो' किंवा 'नाही' म्हणावंच लागेल. तीन मुद्दे पुरेसे आहेत: कारखान्यांची नावं उघड करा, करारात कामगार हक्कांचं कलम घाला, आणि तक्रार आल्यावर स्वतंत्र चौकशी करा. कलमाचा मसुदा तुम्हीच तयार करून द्या. नाहीतर समितीचा सगळा वेळ मसुदा कुणी करायचा यावरच जातो. नमुना असा ठेवता येईल:

'पुरवठादाराने हा माल ज्या ज्या ठिकाणी कापला, शिवला, छापला वा धुतला जातो त्या प्रत्येक ठिकाणाचं नाव, पूर्ण पत्ता आणि कामगारांची संख्या निविदेसोबत द्यावी. ही यादी संस्था जाहीर करेल. कारखाना बदलल्यास तीस दिवसांत कळवावं. त्या ठिकाणी कामगारांना संघटना करण्याचं स्वातंत्र्य असावं, कायद्याप्रमाणे पूर्ण वेतन वेळेवर मिळावं आणि ओव्हरटाइम ऐच्छिक असावा. उल्लंघन आढळल्यास पुरवठादाराने कामगार प्रतिनिधींशी चर्चा करून ठरलेल्या मुदतीत सुधारणा करावी. खरेदी थांबवणं हा शेवटचा उपाय राहील.'

शेवटचं वाक्य कुणी कितीही कडक भाषेचा आग्रह धरला तरी काढू नका. तक्रार आली की ऑर्डरच काढून घेतली जाणार असेल, तर कामगार तक्रार करायला धजणार नाहीत.

याच्या जोडीला संस्थेने स्वतः काय करायचं तेही लिहा, हा भाग बहुतेक मोहिमा विसरतात. ऑर्डर उशिरा द्यायची, मधेच रंग बदलायचा आणि तरी तारीख तीच ठेवायची, याचा भार थेट रात्रपाळीवर पडतो. सगळ्या शाळांना गणवेश एकाच आठवड्यात हवे असतील तर कारखाना दुसरं काय करणार? ऑर्डर काही महिने आधी द्या, भाव ठरवताना मजुरीचा आकडा वेगळा मागा, बिल वेळेवर चुकवा. २०२० मध्ये महामारी आली तेव्हा कित्येक मोठ्या ब्रँडनी तयार झालेल्या मालाचेही पैसे थांबवले आणि लाखो कामगार पगाराविना घरी बसले. जगभरातल्या गटांनी 'पैसे चुकते करा' अशी मोहीम लावून धरली, तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी पैसे दिले. खरेदीदाराची वागणूक हा कामगार हक्कांचाच भाग आहे.

निवेदन, पोच, पाठपुरावा

निवेदन एका पानात बसवा. ते समक्ष द्या, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घेऊन पोच ठेवा. भेटीला तिघांचं शिष्टमंडळ न्या, एकाने फक्त नोंदी घ्यायच्या. भेट झाली की त्याच दिवशी 'आपण असं ठरवलं' म्हणून ईमेल पाठवा. तोंडी आश्वासन देणारा अधिकारी बदली होऊन जातो, ईमेल जात नाही. खरेदीचं वेळापत्रक आधीच पाहून ठेवा. करार संपायच्या निदान सहा महिने आधी विषय समितीसमोर जायला हवा. नवा करार झाल्यावर दिलेलं निवेदन फायलीत पडून राहतं.

उत्तरं ठरावीक येतात, त्यांची तयारी करून जा. 'आम्ही पुरवठादाराकडून घेतो, कारखान्याचं आम्हाला काय माहीत?' याला सरळ सांगा: कापडाचा दर्जा आणि रंगाचा पक्केपणा तुम्ही करारात लिहून घेता, मग हेही लिहून घ्या.

'त्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे' हे उत्तर जास्त अवघड, कारण ते देणाऱ्याला खरंच वाटत असतं की प्रश्न मिटला. तेव्हा कराचीतल्या अली एंटरप्रायझेस कारखान्याची गोष्ट सांगा. ऑगस्ट २०१२ मध्ये त्याला एसए ८००० हे नावाजलेलं सामाजिक प्रमाणपत्र मिळालं होतं. ११ सप्टेंबरला आग लागली. खिडक्यांना गज, बाहेर पडायच्या वाटा बंद. अडीचशेहून अधिक माणसं गेली. तपासणी करणाऱ्याचे पैसे कारखाना किंवा ब्रँड देतो, भेटीची कुणकुण आधी लागते, कामगारांना काय बोलायचं ते पढवलेलं असतं. अशा तपासणीवर कामगारांच्या जिवाची हमी देता येत नाही. याउलट राणा प्लाझानंतर मे २०१३ मध्ये झालेला बांगलादेश अकॉर्ड हा कायद्याने बांधील करार होता. त्यावर ब्रँडसोबत कामगार संघटनांच्या सह्या होत्या, तपासणीचे अहवाल जाहीर होत होते, आणि दुरुस्ती न करणाऱ्या कारखान्याशी व्यवहार तोडणं बंधनकारक होतं. दोनशेहून अधिक ब्रँड त्यात आले. प्रमाणपत्र आणि बांधील करार यातला हा फरक तुमच्या गटातल्या प्रत्येकाला न अडखळता सांगता आला पाहिजे.

'खर्च वाढेल' म्हटलं तर आकडे मागा. कपड्याच्या किरकोळ किमतीत शिलाईच्या मजुरीचा वाटा सहसा अगदी थोडा असतो, त्यामुळे मजुरी बरीच वाढली तरी किमतीवर फरक थोडाच पडतो. पण तुमच्या संस्थेचा खर्च मुळीच वाढणार नाही, असं वचन देऊ नका. वाढला तर किती आणि का, हे मांडून दाखवा. आणि 'तिथे हेही काम नसतं तर त्या बायका उपाशी राहिल्या असत्या' असं कुणी म्हणालं, तर त्या बायकांच्या संघटनेचं पत्र टेबलावर ठेवा. त्यांना काय हवंय ते त्यांनी लिहून दिलेलं आहे.

दबाव कधी आणि किती

दोन-तीन भेटींनंतरही संस्था हलली नाही तर बाहेर या. सह्या गोळा करा, पालक सभेत किंवा सर्वसाधारण सभेत ठराव मांडा, स्थानिक पत्रकाराला कागद दाखवा. सार्वजनिक ठिकाणी काही करायचं असेल तर लागणारी परवानगी घ्या. एक कार्यक्रम मला फार उपयोगी वाटतो: सभागृहात एक शिलाई यंत्र ठेवायचं आणि लोकांना घड्याळ लावून खिसा जोडायला सांगायचा, शेजारच्या फळ्यावर तासाचं टार्गेट लिहायचं. भाषणाने पटत नाही ते दहा मिनिटांत पटतं.

पत्रकातलं प्रत्येक वाक्य कागदावर सिद्ध करता येईल असंच असू द्या. 'या कंपनीच्या कारखान्यात मुलं राबतात' असं ऐकीव माहितीवर छापलंत तर अब्रुनुकसानीची नोटीस येईल आणि पुढचे सहा महिने त्यातच जातील. 'कंपनीने कारखान्यांची यादी द्यायला नकार दिला, हे त्यांचं पत्र' एवढं छापा. ते पुरेसं बोलकं असतं.

बहिष्काराचा विषय इथे येतो, आणि तोही कामगारांनी मागितला तरच. होंडुरासमध्ये रसेल ॲथलेटिक कंपनीने २००९ च्या जानेवारीत एक कारखाना बंद केला. सुमारे १,२०० कामगार रस्त्यावर आले. बंद करण्यामागे तिथली नवी कामगार संघटना मोडण्याचा हेतू होता, असा निष्कर्ष वर्कर राइट्स कन्सॉर्शियम या स्वतंत्र संस्थेने काढला. काढलेल्या कामगारांचे प्रतिनिधी अमेरिकेतल्या विद्यापीठांत फिरले, विद्यार्थ्यांशी बोलले. विद्यार्थ्यांनी आपापल्या विद्यापीठाकडे एकच मागणी नेली: आमचं बोधचिन्ह असलेले कपडे या कंपनीकडून बनवून घेणं थांबवा. एकामागून एक विद्यापीठांनी करार तोडले. नोव्हेंबर २००९ मध्ये कंपनीने त्याच भागात कारखाना पुन्हा सुरू करायचं, काढलेल्यांना परत घ्यायचं आणि संघटनेला मान्यता द्यायचं कबूल केलं. प्रत्येक विद्यापीठातला गट छोटाच होता, पण सगळ्यांची मागणी एक होती आणि ती कामगारांनी ठरवलेली होती.

ठराव मंजूर झाल्यावर

आनंद साजरा करा, कामगार संघटनेला ठरावाची प्रत आणि सोपा अनुवाद पाठवा. मग त्याच आठवड्यात दोन गोष्टी करा. कामगारांना तक्रार थेट संस्थेपर्यंत पोचवता येईल असा पत्ता किंवा फोन क्रमांक ठरवून घ्या आणि तो त्यांच्या भाषेत कारखान्यापर्यंत जाईल हे पाहा. आणि संस्थेत या कलमाची अंमलबजावणी कोण पाहणार, त्या पदाचं नाव ठरावात लिहून घ्या. व्यक्तीचं नको, पदाचं.

विद्यार्थी पास होऊन जातात, पालकांची मुलं शाळा सोडतात. सगळी कागदपत्रं, संपर्क, भेटींच्या नोंदी एका फायलीत ठेवा आणि दरवर्षी दोन नव्या माणसांना बैठकीला सोबत न्या.

वर्षातून एकदा कारखान्यांची नवी यादी मागून मागच्या वर्षीच्या यादीशी ताडून पाहा. नवं नाव दिसलं तर त्याची माहिती काढायला लागा. जुनं नाव गळलेलं दिसलं तर पुरवठादाराला लगेच लेखी विचारा: तिथलं काम का काढलं, किती कामगारांचा रोजगार गेला, आणि त्यांचा थकलेला पगार आणि नुकसानभरपाई मिळाली का. उत्तर आलं की ते कामगार संघटनेला पाठवून खरं आहे का विचारा.